जाळीपाशी उभी होते मी

मी एक घडीची शिडी बोलतेय. दचकू नका, इथं दारामागेच उभी आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण तेवढ्यापुरतंच. शिडीकडे माणूस बघतो ते पाय कुठं ठेवायचा एवढं कळण्यापुरतं. एकदा पाय टेकला की सगळ्यांच्या माना वर. त्यामुळे माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. मला ठाऊक आहेत ती पावलं. माणूस खोटं बोलताना चेहरा सांभाळतो, आवाज सांभाळतो, पाय सांभाळायला मात्र विसरतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, ठोकल्या, घासल्या, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी चढता येईल अशी माझी घडण. दुकानदाराने मला फुटपाथवर उघडून ठेवलं होतं. बाई आल्या, त्यांनी मला हलवून पाहिलं, म्हणाल्या, "डुगडुगत नाही ना?" दुकानदार म्हणाला, "बाई, हिच्यावर हत्ती नाचवा." बाई म्हणाल्या, "हत्ती नाही हो, मीच चढणार आहे." तिथंच मला त्या आवडल्या.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. एकट्या राहायच्या. मला वाटलं, आता आयुष्यभर जळमटं, पंखे आणि माळ्यावरचे डबे. पहिल्याच रविवारी त्यांनी मला गाडीच्या टपावर बांधलं आणि थेट विमानतळाच्या कुंपणापाशी नेऊन उभं केलं.

खाली सिमेंटची भिंत, वर तारेची जाळी, पलीकडे धावपट्टी. कॅमेरा जाळीच्या वर न्यायचा तर शिडी हवीच. तिथं बाईंसारखी आणखी मंडळी जमायची. सगळी विमानवेडी. लोक सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांकडे जातात, ही मंडळी उन्हात उभं राहून आकाशाकडे डोळे लावून बसायची. उन्हाने नाकं सोलवटून निघाली तरी हौस काही फिटायची नाही.

त्यातले दोघं माझ्या कायमच्या ओळखीचे. एक दातांचे डॉक्टर. त्यांना विचित्र विमानांचं वेड. कपाळाला टेंगूळ आल्यासारखी, पोट सुटलेली, पंख डोक्यावर घेतलेली, अशी विमानं दिसली की डॉक्टर लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे. एकदा एक मालवाहू विमान उतरलं आणि त्याचं अख्खं नाक वर उघडलं. डॉक्टर ओरडले, "बघा, बघा! माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकालाही इतकं छान आ करता येत नाही!"

दुसरा बेकरीवाला. त्याच्या बुटांना मैद्याची पांढरी पूड असायची. त्याला विमानांपेक्षा विमानांच्या अपघातांत जास्त रस. कुठल्या विमानाचं चाक उघडलं नाही, कुणाच्या इंजिनात पक्षी गेले, कोण भलत्याच धावपट्टीवर उतरलं, सगळं त्याला तोंडपाठ. ते तो त्याच्या चॅनलवर सांगायचा. ऐकणारे मोजके, पण उत्साह असा की जणू अख्खं जग कान देऊन बसलंय.

माझ्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला बेकरीवाला. दोघांचं वजन एकमेकांना सांभाळायचं. एक उतरला की दुसऱ्याला हिसका बसतो, म्हणून उतरण्याआधी "उतरतोय हं" असं म्हणायची त्यांची पद्धत होती. आणखी एक पद्धत सगळ्यांचीच होती. मंडळीत कुणाचा भाऊ विमानतळाच्या मनोऱ्यात, कुणाची सून हवाई सुंदरी, त्यामुळे आतल्या गोष्टी कानावर यायच्याच. त्या जाळीपाशी बोलायच्या आणि जाळीपाशीच सोडून द्यायच्या. त्याबद्दल कधी कुणाला बजावावं लागलं नव्हतं.

तिथं उतरणाऱ्या एका विमान कंपनीचं एक विमान सगळ्यांचं लाडकं होतं. सगळं विमान पांढरंशुभ्र आणि मागचा एक दरवाजा गडद निळा. मूळ दरवाजा खराब झाला तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या विमानाचा बसवलेला, रंगवायचा राहून गेलेला. मंडळी त्याला ठिगळी म्हणायची. "ठिगळी आली!" म्हटलं की सगळे आपापल्या शिड्यांवर.

आता बाईंच्या भाऊजींबद्दल सांगते. धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच कंपनीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये, विमानं तपासायचं काम. मोजकं बोलणारा माणूस. पावलंही तशीच, टाकण्याआधी जमीन चाचपणारी.

एका दुपारी ते एकटेच बाईंकडे आले. मी दारामागे होते. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला.

"ताई, ठिगळीचं शेपूट घासलंय," ते म्हणाले.

"कधी? कुठं?"

"इथं नाही. दुसऱ्या गावाहून उडताना नाक जास्त उचललं गेलं, शेपूट धावपट्टीला लागलं. परत आली तेव्हा मी खाली वाकून बघितलं. ओरखडे चांगले हातभर आहेत. मी म्हटलं, आतून उघडून बघितल्याशिवाय उडवायची नाही. साहेब म्हणाले, रंग मारा, तिकिटं विकली गेलीत. मी सही केली नाही. दुसऱ्याने केली."

"आणि उडाली?"

"उडाली. अजून उडतेय." त्यांचा पाय सारखा हलत होता. "मी सरकारी चौकशी कार्यालयात जाऊन आलोय. ते म्हणाले, तुमचं नाव बाहेर येणार नाही, थोडा धीर धरा, आम्ही अचानक येऊन तपासू. तोवर तोंड बंद. घरी हिला सांगितलं तर हिची झोप उडेल. तुमच्यापाशी बोललो, कारण शेपूट घासलं म्हणजे काय ते तुम्हाला समजतं."

बाई म्हणाल्या, "भाऊजी, निश्चिंत असा. माझ्या तोंडून अक्षर बाहेर पडणार नाही."

त्या खरं बोलत होत्या. त्यांचे पाय अगदी स्थिर होते. म्हणून तर पुढचं मला अजून पटत नाही.

रविवारी आम्ही जाळीपाशी. ठिगळी उतरत होती. बेकरीवाला माझ्या वरच्या पायरीवरून व्याख्यान देत होता. "या कंपनीला मानलं पाहिजे! आजवर साधा ओरखडा नाही. माझ्या आईला मी डोळे मिटून या विमानात बसवीन."

चूक उत्तर ऐकलं की बाईंना राहवत नाही. वर्गात सवय लागलेली. त्यांच्या टाचा उचलल्या गेल्याचं मला जाणवलं आणि माझ्या मनात आलं, नको बाई, नको!

"साधा ओरखडा नाही काय! शेपूट घासून आलंय ते," बाई म्हणाल्या. मग एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, डॉक्टरांनी "छे, शक्यच नाही" म्हटलं, आणि बाईंनी सगळं समजावून सांगितलं. रंग मारल्याचं, सही नाकारल्याचं, सगळं. फक्त भाऊजींचं नाव तेवढं घेतलं नाही. बोलून झाल्यावर त्यांना भान आलं.

"हे जाळीपाशीच राहू दे हं," त्या म्हणाल्या. आमच्या जाळीपाशी हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

बेकरीवाल्याने गळ्याला हात लावला. "बाई, गळ्याची शपथ. माझ्यावर विश्वास नाही का?" आणि तो उतरला. "उतरतोय हं" न म्हणता. बाईंचा तोल गेला, त्यांनी जाळी पकडली म्हणून पडल्या नाहीत. एवढी घाई त्याला कधीच नसायची.

आठवडा सरायच्या आत त्याच्या चॅनलवर व्हिडिओ आला. बाईंनी तो स्वयंपाकघरात पाहिला, मी आवाज ऐकला. विमानाचा नंबर त्याने काळी पट्टी लावून झाकला होता. या विमानवेड्यांना विमान नंबरानेच ओळखायची सवय, त्यामुळे नंबर झाकला की विमान लपलं असं त्याला वाटलं असावं. आणि निळा दरवाजा पडद्यावर लखलखत होता. त्यात तो म्हणाला, "हँगरमधल्या एका बहाद्दराने सही करायला नकार दिला." ठिगळीच्या कागदावर सही न करणारा माणूस कोण, हे कंपनीत शोधायची गरजही पडली नाही.

बाईंनी त्याला फोन लावला. "अहो, नंबर झाकलाय की मी!" तो म्हणत होता. "आणि बाई, लोकांना कळायला नको? जिवाचा प्रश्न आहे." बाईंनी फोन ठेवला. लोकांना कळायलाच हवं होतं. फक्त ज्याने नोकरी धोक्यात घालून ते बाहेर काढलं होतं, त्याला कुणी विचारलं नाही.

कंपनीने भाऊजींना हँगरमधून काढून हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. चौकशीचे लोक यायच्या आतच ठिगळी कुठंतरी नेण्यात आली, आणि परत आली ती आतून तपासल्याच्या कागदांसह. कागद कुणी केले ते भाऊजींना बघायलाही मिळालं नाही.

इथवर मी बेकरीवाल्याला उतावळा म्हटलं असतं. पण गंमत पुढेच आहे.

त्याचा व्हिडिओ लाखोंनी पाहिला. आणि मग कंपनीने त्याला आमंत्रण धाडलं. त्यांनी एक नवं, आगळंवेगळं विमान आणलं होतं, पाण्यावरही उतरणारं, पोट होडीसारखं आणि पंख डोक्यावर. पहिल्या फेरीला याल का? त्या दिवशी सगळी मंडळी जाळीपाशी होती. बाईही आल्या होत्या, त्यांना ते विमान बघायचंच होतं. माझी एक बाजू रिकामी होती.

पलीकडे विमानाला शिडी लागली. चाकं असलेली, गालिचा घातलेली. त्या शिडीवर बेकरीवाला चढला. वर जाऊन त्याने वळून आमच्या दिशेने हात हलवला, तो अगदी आनंदाने, शेजारच्या गच्चीवरून हलवावा तसा. आणि आमच्यातल्या काहींनी उलट हात हलवला! डॉक्टर म्हणत होते, "वा, काय पंख आहेत! नशीबवान आहे लेकाचा."

त्या विमानातून त्याने दुसरा व्हिडिओ केला. म्हणाला, मागे मला चुकीची माहिती मिळाली होती. एका नाराज कर्मचाऱ्याच्या नातेवाईक बाईंनी ती पसरवली. कंपनीने मला सगळे कागद दाखवले, माझं पूर्ण समाधान झालं.

बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मग डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टर, तुम्ही तरी काही बोला. तुम्ही तिथं होतात."

"बाई, मी काय बोलणार? तोही आपलाच, तुम्हीही आपल्याच," डॉक्टर म्हणाले. "आणि एकमेकांत कशाला वाढवायचं?" व्हिडिओखाली त्यांनी पसंतीचा अंगठा दिला होता, हे बाईंना नंतर दिसलं.

मला राग येतो तो या अंगठ्याचा. बेकरीवाल्याला निदान विमानात बसायला मिळालं. डॉक्टरांनी आपला माणूस फुकटात सोडला.

धाकट्या बहिणीने येणं बंद केलं. फोनवर एकदाच बोलली. बाईंनी फोन कानाशी न धरता समोर ठेवला होता, म्हणून मी ऐकलं. "ताई, आई गेल्यावर तूच होतीस मला. त्यांनी मला नाही सांगितलं, तुला सांगितलं. आणि तू ते विमानं बघणाऱ्या रिकामटेकड्यांना वाटलंस."

बाईंनी "मी मुद्दाम नाही गं" एवढंच म्हटलं. पलीकडून फोन ठेवलेला होता.

त्यानंतर मी जाळीपाशी गेले नाही. एकदा बाई शाळेतून येताना तिकडून आल्या आणि स्वतःशीच बोलल्या, "दरवाजा पांढरा केला." म्हणजे आता ठिगळी ओळखूही येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिच्यात बसलंही असेल.

परवा भाऊजी आले. बहिणीचं शिवणयंत्र बाईंच्या माळ्यावर होतं, ते न्यायला. बाई दारातच अडखळल्या. "या ना. बसा. पाणी?"

"नको. यंत्र तेवढं घेतो."

त्यांनी मला उघडलं. चढण्याआधी माझे चारही पाय हलवून पाहिले. मग वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवत आणला. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. अंगठा एका जागी थांबला. त्यांनी मला मिटवलं, भिंतीला टेकवलं, जेवणाचं टेबल ओढलं आणि त्यावर चढून यंत्र उतरवलं.

दारापर्यंत गेले आणि थांबले. "ताई, त्या शिडीवर चढू नका. वरची एक पट्टी फाटत आलीय. बाहेरून कळत नाही. पडाल."

बाईंचे डोळे भरून आले. "भाऊजी, थांबा ना जरा. मी..."

"हे मात्र हवं त्याला सांगा," ते म्हणाले, आणि यंत्र उचलून गेले.

माणसांना चढवायचं माझं काम संपलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ज्याला एवढं सोसावं लागलं, त्याने जाता जाता माझ्याबद्दलही खरं तेच सांगितलं, आणि तेही जिने त्याला बुडवलं तिच्याच भल्यासाठी.

काल डॉक्टर आले होते. रविवारी कुठलंसं जुनं, चार पंख्यांचं विमान येणार आहे म्हणे. "बाई, तुम्ही येत नाही तर तुमची शिडी तरी द्या." बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "न्या." पट्टीचं काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टर उद्या सकाळी मला न्यायला येणार आहेत. बाई अजून गप्पच आहेत.

म्हणून शेवटी मलाच बोलावं लागतंय. डॉक्टर, माझी एक पट्टी फाटत आलीय. माझ्यावर चढू नका.