चोविसावं पान

"अहो, तुमचंच अक्षर आलंय!"

बायकोची हाक ऐकून पंपवाल्याच्या हातातली साबणाची वडी मोरीत पडली.

सही मागणाऱ्या पत्रासोबत उत्तराचं पाकीट तो स्वतःच पाठवायचा, तिकीट लावून, पत्ता घालून. म्हणून थोरामोठ्या वैमानिकांची उत्तरं त्याच्याच अक्षरात घरी यायची.

"उडाणटप्पू कुठले," बायको म्हणायची. "तेही आणि तुम्हीही."

*

पंपघर जमिनीखाली. बावीस पायऱ्या. एकतीस वर्षं.

"पायलट, तीन नंबरचा पंप गळतोय. उतरा खाली!" कामावरचे लोक चेष्टेने हाक मारायचे.

तो विमानात कधी बसला नव्हता.

*

अल्बमला पानं चोवीस. तेवीस पानांवर जुने वैमानिक, कापडी पंखांच्या काळातले, प्रत्येकाची शाईची सही. तीनदा हात धुतल्याशिवाय तो अल्बमला शिवत नसे.

चोविसावं पान रिकामं.

तिथे ती हवी होती. एकटीने खाडी ओलांडणारी पहिली बाई. फोटोत चामडी टोपी, विमानाच्या पंख्यावर टेकलेला हात, आणि असं हसू की बघणाऱ्याला वाटावं, पाणी वरून कसं दिसतं ते हिला विचारावं.

अकरा वर्षांत त्याने तिला हाच फोटो सहा वेळा पाठवला. ती आता एक्क्याण्णव वर्षांची, त्या पिढीतली शेवटची. सहाव्या पत्रात काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं: मी पंप दुरुस्त करतो.

*

"फोडा की. मुहूर्त काढू का?"

ओले हात सदऱ्याला पुसून त्याने पाकीट फोडलं. आत फोटो. सही नाही. पालथा केला, तरी नाही. सोबत चिठ्ठी.

*

'या फोटोत मी नाही. त्या सकाळी मी भीतीने शेडमागे ओकत होते. फोटोवाला थांबेना. माझी टोपी घालून माझी मेकॅनिक उभी राहिली. इंजिन तिनेच जुळवलं होतं. विमानात जागा एकच. ती कधी वर गेली नाही. पुढच्याच हिवाळ्यात वारली. आम्ही तिला बारकी म्हणायचो, खरं नाव आता आठवत नाही. पासष्ट वर्षं मी या फोटोवर सह्या देत आले. तुम्हालाही दिली असती. पण तुम्ही पंप दुरुस्त करता. हात धजला नाही.'

*

"मग तिचा खरा फोटो पाठवा. त्यावर करेल की सही."

"करेल."

"मग?"

"भिंग दे जरा."

अकरा वर्षं त्याने नुसता चेहरा पाहिला होता. आता भिंग पंख्यावरच्या बोटांवर नेलं. चारही नखांच्या कडेला काळी रेघ.

बायको वाकली. "डाग असेल, छपाईचा."

"ग्रीस आहे. जात नाही ते."

त्याने अल्बम काढला. चोविसाव्या पानावर फोटो लावला, कोपरे दाबले. खाली, सहीच्या जागेशी, त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"अहो, हात!" बायको फडकं घेऊन धावली.

"राहू दे," तो म्हणाला.