देवदूताची चुंबळ

आमच्या प्रांजलला शाळेच्या गॅदरिंगमध्ये देवदूताचं काम मिळालं आणि घरातलं सुखाचं जेवण संपलं.

काम केवढं, तर पांढरा फ्रॉक, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, डोक्यावर सोनेरी कडं आणि एक वाक्य. "मी स्वर्गातून आले, तुमच्यासाठी आनंद घेऊन आले." दर वर्षी तेच कोळीनाच नि तेच मावळे बघून पूजा मॅडम कंटाळल्या होत्या. यंदा काहीतरी वेगळं करायचं त्यांनी ठरवलं आणि ते वेगळं पाच आयांच्या गळ्यात पडलं. मॅडमनी ग्रुपवर कार्टूनमधल्या देवदूताचं चित्र टाकलं. खाली सूचना होती: कडं डोक्याला टेकता कामा नये, वर तरंगताना दिसलं पाहिजे. शुक्रवारच्या तालमीत ज्याचं कडं पडेल, त्याला झाड करण्यात येईल. झाडाला वाक्य नसतं.

चित्रातलं कडं तरंगतं, कारण चित्र काढणाऱ्याच्या बापाचं काय जातं? मी हेअरबँडला तार बांधली, तारेवर कडं बसवलं, त्याला चमकी चिकटवली. नवरा मुंबईला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाला, "झ्याक झालाय अँटेना. टीव्हीला जोडून बघ, काय दिसतंय का." मी फोन कट केला.

प्रांजल चार पावलं चालली की कडं नाकावर यायचं. मंगळवारी ती शाळेतून रडतच आली. "आई, मला झाड न्हाई व्हायचं!"

माझ्या सासूबाई, बयाबाई, उंबऱ्यात चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी हात पुसून माझा मोबाईल घेतला, लांब धरून ते चित्र बघितलं.

"ही बाई पाण्याला निघालीया न्हवं?"

"आवं आत्या, देवदूत हाय त्यो. स्वर्गातला."

"मग घागर कुठं ठिवली? नुसती चुंबळ घिऊन कुठं निघालीया?"

मला हसू आवरेना. मी कडेगावची. आमच्याकडं उसाला पाणी, नळाला पाणी. डोक्यावर घागर ठेवताना खाली कापडाची गोल वळी घेतात, ती चुंबळ मी बघितली ती लग्न होऊन माणच्या दुष्काळी मुलखात आल्यावर. तीसुद्धा खिळ्याला टांगलेली, कारण तोवर इथंही नळ आला होता.

"आन चुंबळ कवा अधांतरी ऱ्हाती का? टेकव की डोक्याला."

"टेकवायची न्हाई म्हणत्यात मॅडम."

"मॅडमनी कवा पाणी आणलंय?" आत्या उठल्याच. "कडं पडत न्हाई गं, पोरगी हालती. मान बघ की तिची, कोंबडीवानी."

त्यांनी खिळ्यावरची चुंबळ काढून झटकली, प्रांजलच्या डोक्यावर ठेवली आणि वर एक तांब्या ठेवला. तो माझ्या रुखवतातला होता. पहिल्या फेरीतच पडला आणि त्याला पोचा आला. मी बोलायला तोंड उघडलं, पण प्रांजल तीन दिवसांत पहिल्यांदा हसत होती, म्हणून मिटलं.

"नजर लांब ठिव," आत्या सांगत होत्या. "पायाकडं बघायचं न्हाई. पायाला ठावं असतंय."

"कसं आज्जी? दाखव की."

आत्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि पदर खाली घेतला. नऊ वर्षं या घरात आहे मी, पण त्यांचं उघडं डोकं कधी बघितलं नव्हतं. त्या न्हायच्यासुद्धा आम्ही उठायच्या आधी. डोक्याच्या मधोमध एक गोल होता, गुळगुळीत, केस नसलेला. मोजून चुंबळीएवढा.

"आज्जी, तुझ्या डोक्याला बी कडं हाय!"

आत्यांनी झटक्यात पदर ओढला. "गप. कुणाला बोलू नगंस." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चाळीस वर्सं दीड कोसावनं पाणी आणलं. क्यास काय टिकत्यात?"

हा पदर म्हणजे जुन्या बायकांचं खूळ, असं मी माहेरी कितीदा हसत सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली. मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

गुरुवारी भरला तांब्या घेऊन प्रांजलनं अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, थेंब सांडला नाही. शुक्रवारी तालमीत चौघांची कडी पडली, तिचं हललंसुद्धा नाही. मॅडम शब्दाला पक्क्या निघाल्या. स्वर्गात एक देवदूत उरला आणि बाकी वनीकरण झालं.

गॅदरिंगला बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत आत्या, शेजारी मी. पडदा वर गेला. चार झाडांमधनं आमचा देवदूत आला. मान ताठ, नजर लांब, एक हात कंबरेवर. देवदूत असा चालतो की नाही ते देव जाणे, पण पाण्याला जाणारी बाई अशीच चालते.

ती माईकपाशी आली. "मी स्वर्गातून आले," म्हणाली, आणि पुढचं गेलं. मी ओठ हलवून सांगत होते, पण नजर लांब ठेवायची सवय लागलेली. दुसऱ्या रांगेकडं बघेल तर शपथ.

संस्थेचे अध्यक्ष भाऊसो व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर होते. त्यांनी सांभाळून घ्यायला विचारलं, "डोस्क्यावर काय हाय गं बाळ?"

"कडं," प्रांजल माईकमध्ये म्हणाली. "ह्ये तारेचं हाय. माझ्या आज्जीला खरं हाय. पाणी आणून आणून क्यास जाऊन पडलंय. पण ती पदराखाली झाकती."

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. आत्यांनी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला, खाली मान घातली. आता घरी जाऊन या कार्टीला झाडच करते, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली रंगूबाई मागं वळली. सत्तरीची म्हातारी. ती हसत नव्हती. तिचा हात पदरावरनं टाळूवर गेला होता.

"बये, तुला बी हाय?"

आत्यांनी मान वर केली. रंगूबाईच्या शेजारणीचाही हात डोक्यावर होता. तिच्या पलीकडचीचाही. आमच्या मागं कुणीतरी म्हणालं, "माझं तर पार कपाळापतूर आलंय गं," आणि म्हाताऱ्यांची अख्खी बाजू खदखदून हसली. त्यात आत्याही होत्या. हसता हसता त्या डोळे पुसत होत्या, मीही पुसत होते.

प्रांजलला वाटलं, आपलं काम फार छान झालं. तिनं वाकून नमस्कार केला आणि मगच कडं पडलं.

आम्ही तिघी चालत घरी निघालो. आत्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता आणि त्यांनी तो वर घेतला नव्हता. वारा सुटला होता. वाटेत चारचौघी भेटल्या, त्यांच्याशीही त्या तशाच उभ्या राहून बोलल्या.

मी पदराची आठवण करून दिली नाही.