कानांचा ताबा

"आईंना आता नीट ऐकू येतंय का?" कानाच्या यंत्रांच्या दुकानातल्या त्या पोरीने विचारलं. आणि विचारलं कुणाला, तर माझ्या मुलीला! मी दोघींच्या मध्ये बसलेली, दोन्ही कानांत तिनेच खोचलेली यंत्रं, आणि ही माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारतेय.

"मलाच विचार की गं," मी म्हटलं. "कान माझे आहेत."

ती हसली. लहान पोर काहीतरी बोबडं बोललं की हसतात, तशी. मग मुलीचा फोन घेऊन त्यात खटाखट बोटं चालवली आणि समजावून सांगितलं, अर्थात मुलीलाच, की सगळं फोनवरून चालतं. आवाज कमी करायचा, वाढवायचा, कुठला येऊ द्यायचा, कुठला नाही. माझा फोन बटणांचा, त्याला हे झेपणारं नव्हतं. म्हणून माझे कान मुलीच्या फोनला जोडले. त्यात 'संभाषण' म्हणून एक सोय असते, ती लावून दिली. मुलीने फोन पर्समध्ये टाकला आणि आम्ही घरी आलो.

मी कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक आहे. बाई आणि मेकॅनिक म्हटलं की लोक पुन्हा एकदा विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते: हो, मेकॅनिक. एका मजल्यावर दोनशे दहा शिलाई मशीन, ती चालती ठेवायची हे माझं काम. एकतीस वर्षं झाली. चालवणाऱ्या पोरी मला डॉक्टरीण म्हणतात. मी ओळींमधून नुसती फेरी मारते आणि कुठलं मशीन आजारी पडणार ते आवाजावरून सांगते. सुई खाली जाते तेव्हा खालचा हुक दोऱ्याला अगदी वेळेवर धरतो. ती वेळ केसभर जरी चुकली, तरी सुई हुकाला घासते आणि टक टक असा बारीक आवाज येतो. इतरांना तो येत नाही, मला येतो. म्हणजे यायचा. दोन वर्षांपासून यायचा कमी झाला, म्हणून तर ही यंत्रं घेतली.

यंत्रं घालून पहिल्या दिवशी मजल्यावर गेले आणि चक्रावलेच. दोनशे दहा मशीन चालू आहेत आणि आवाज असा, की जणू शेजारच्या घरात कुणीतरी दार लावून शिवतंय. पण माणसं? अहो, माणसं लख्ख! तीन ओळी पलीकडे कफवाली खिसेवालीला सांगत होती, "डॉक्टरीणबाई आज सजून आल्यात बघ." एकतीस वर्षांत या बायका माझ्यामागे काय काय बोलत असतील, ते मला त्या एका दिवसात कळलं. आमच्याकडे ज्याची जी शिलाई तेच त्याचं नाव, तशी कॉलरवाली म्हणून एक आहे. माझी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तरबेज. मी कशी चालते ते ती सगळ्यांना करून दाखवते, हेसुद्धा तेव्हाच कानावर आलं. मला हसूच आलं. वाटलं, चला, कान आले.

चौथ्या दिवशी कॉलरवालीने हात वर केला. "डॉक्टरीणबाई, काहीतरी टक टक वाजतंय हो."

मी वाकले, ऐकलं, मशीनवर हात ठेवला. काहीच वाजत नव्हतं. "काही नाही," मी म्हटलं. "चालू दे."

तासाभराने तिने परत हात वर केला. मी परत ऐकलं. परत तेच सांगितलं. वर ठसक्यात म्हटलं, "मशीनचं मला शिकवतेस होय?" आणि दुपारी तिची सुई मोडली. मोडक्या सुईचं टोक उडालं आणि तिच्या गालात रुतलं, डोळ्याच्या खाली बोटभर.

बोटभर! ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या गालाला कापूस धरून मी उभी होते आणि मला एवढंच कळत होतं, की तिने दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे मजल्याचे मॅनेजर, वयाने माझ्या मुलीएवढे. टेबलावर काडेपेटीएवढी एक डबी ठेवलेली. "मावशी," ते म्हणाले, "हे आता प्रत्येक मशीनला बसणार. मशीन ठीक असलं की हिरवा दिवा, बिघडलं की लाल. तुम्हाला आता धावपळ नको. एक तारखेपासून तुम्ही सुयांच्या खिडकीत बसा."

सुयांची खिडकी म्हणजे जिन्याखालची खोली. मोडकी सुई घ्यायची, नवी द्यायची, वहीत चिकटवायची. दिवसभर बसून. कानामागून आली आणि तिखट झाली ती डबी, आणि मी जिन्याखाली!

"आणि सही?" मी विचारलं. कारण कागद समोर होता.

"बदलीला तुमची संमती."

"नाही देत," मी म्हटलं आणि उठले. पण बाहेर आले ती जिन्याखालच्या खिडकीपाशीच थांबले. कारण साहेब चूक बोलत होते असं मला तरी कुठे म्हणता येत होतं? ज्या मेकॅनिकला टक टक ऐकू येत नाही, तिने मजल्यावर फिरून कुणाचा डोळा घालवायचा?

सुटीच्या दिवशी मी एकटीच त्या दुकानात गेले. त्या पोरीने आधी दाराकडे पाहिलं, मुलगी मागून येतेय का म्हणून. "मीच आलेय," मी म्हटलं. "मला सांग, यात मशीनचा आवाज का येत नाही?"

"अहो आजी, तेच तर याचं वैशिष्ट्य आहे," ती म्हणाली. "पंखे, गाड्या, मशीन, सगळा त्रासदायक आवाज हे गाळून टाकतं. फक्त माणसं ऐकू येतात."

"मला माणसं नकोत. मला मशीन हवीत."

तिला आधी वाटलं मी गंमत करतेय. मग मी तिला कॉलरवालीच्या गालाचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली, माझ्याकडे बघून. म्हणाली, "गाणं ऐकण्यासाठी वेगळी सोय असते. तिच्यात यंत्र काही गाळत नाही. आवाज मात्र जपून ठेवा, मोठा नको. पण ते मुलीच्या फोनवरून करावं लागेल."

म्हणजे पुन्हा उंटावरून शेळ्या हाकणं आलंच.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर मी मुलीला म्हटलं, "ते गाण्याचं लावून दे." ही दिवसभर एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेते. हिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

"कशाला?"

"कारखान्यात मला मशीन ऐकू यायला हवीत."

"नाही," ती म्हणाली. "मुळीच नाही. त्या मशीनांनीच तुझे कान खाल्ले आणि आता पैसे भरून परत तीच कानात घालून घेणार? मिळतेय ना खिडकी? बस की सुखाने."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खिडकीचं तुला कुणी सांगितलं?"

"साहेबांचा फोन आला होता. तुला समजवा म्हणाले."

घ्या! माझ्या कानांचं मुलीला विचारायचं, माझ्या नोकरीचंही मुलीला विचारायचं. मी मेलेय की काय? मी ताडकन म्हटलं, "माझे कान तुझ्या पर्समध्ये राहणार नाहीत. दे तो फोन इकडे."

तिने फोन छातीशी धरला. आणि मग म्हणाली, "तुला मी कधी ऐकूच आले नाही, आई. लहानपणी शाळेतून येऊन मी बोलायचे आणि तू म्हणायचीस, 'डोक्यात मशीन वाजतायत गं, उद्या सांग.' तो उद्या कधी आलाच नाही. आता कुठे आठवडा झाला, मी एकदा बोलले की तुला कळतंय. तेवढंसुद्धा तुला मशीनलाच द्यायचंय?"

ते खरं होतं. पण तिचं खरं होतं म्हणून माझं खोटं होत नाही ना! मी माझ्या खोलीत गेले. झोप लागली नाही, आणि मन काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी कफवालीला गाठलं. तिच्याकडे पडद्यावर बोटं फिरवायचे दोन फोन असतात, एक घरच्यांसाठी, एक कशासाठी ते तिलाच माहीत. "जुना विकतेस?" मी विचारलं. तिने नवऱ्याला सांगायचं नाही या अटीवर दिला. मग सहाजणी माझ्याभोवती कोंडाळं करून बसल्या. एकीने यंत्रं त्यांच्या चार्जिंगच्या डबीत ठेवून परत काढली, एकीने फोन जवळ धरला, तिसरी म्हणे असं नाही तसं. मी वैतागून म्हटलं, "अगं बाजूला व्हा, मी मशीन उघडून लावते, हे काय अवघड आहे?" आणि फोन माझ्या हातात घेतला. तीनदा चुकलं. चौथ्यांदा पडद्यावर दोन कानांची चित्रं आली. मी गाण्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

सुटी संपल्याची घंटा झाली, मशीन सुरू झाली, आणि अगं बाई! सगळा मजला एकदम अंगावर आला. कर्कश, तेलकट, ओळखीचा. कोण म्हणेल ह्याला गाणं? पण एकूण एक मशीन वेगळं ऐकू येत होतं. आवाज दोन घरं खाली घेतला, कारण त्या पोरीने बजावलं होतं, आणि मी फेरीला निघाले. कॉलरवालीच्या मशीनपाशी आधी थांबले. तिच्या गालावर पट्टी होती. हुक बदलल्यापासून मशीन स्वच्छ चालत होतं. "चुकलं गं माझं," मी म्हटलं. एकतीस वर्षांत मजल्यावर हे पहिल्यांदाच म्हटलं असेन. ती म्हणाली, "पुढे चला आता," आणि पायडल दाबलं.

दुसऱ्या ओळीत खिसेवालीपाशी मला ते ऐकू आलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

"थांबव," मी म्हटलं.

साहेब मागेच होते, हातात टॅब्लेट, बगलेत फाइल. तपासणीसाठी दहा डब्या आज सकाळीच बसवल्या होत्या, खिसेवालीच्या मशीनवर त्यातली एक. "मावशी, दिवा हिरवा आहे," ते म्हणाले. "माल आज जायचाय. चालू ठेव गं."

खिसेवालीने माझ्याकडे पाहिलं, पलीकडे कॉलरवालीच्या पट्टीकडे पाहिलं आणि पायडलवरून पाय काढला.

"चालू ठेव म्हटलं ना!"

"साहेब," ती हात जोडून म्हणाली, "मग तुम्हीच बसा. हे घ्या स्टूल."

आजूबाजूची मशीन एकेक करून थांबली. साहेब काही बसले नाहीत. मी मशीन उताणं केलं, झाकण काढलं. हुकाचा स्क्रू सैल होऊन डुगडुगत होता आणि हुकाच्या टोकाला सुईचा ओरखडा चांगला चकचकत होता. मी साहेबांचं बोट धरून त्यावरून फिरवलं. डबीवरचा दिवा अजून हिरवाच होता.

"ही डबी गरमी मोजते, वेग मोजते, टक टक ऐकत नाही," मी म्हटलं. "ठेवा, उपयोगी आहे. पण मी खिडकीत बसणार नाही."

"बरं, ते नंतर बघू."

"नंतर नाही. आत्ता. आणि माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर मुलीला फोन करायचा नाही. मला सांगायचं, मला ऐकू येतं."

साहेबांनी फाइलमधून तो कागद काढला, दुमडला आणि खिशात घातला. फाडला असता तर जास्त बरं वाटलं असतं, पण असो. मी स्क्रू आवळायला बसले.

घरी गेले तर मुलगी टेबलाशी बसलेली. समोर तिचा फोन उघडा. त्यावर माझे कान दिसत नव्हते, ते तिला कळलं होतं. "जोडणी तुटली म्हणतंय," ती म्हणाली.

"मी तोडली." मी पिशवीतून कफवालीचा फोन काढून टेबलावर ठेवला. "कान आता इथे आहेत. दिवसा मशीन ऐकणार. तुझा काही हुकूम चालणार नाही त्यावर."

ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहिली. लहानपणीही अशीच बसायची, ते मला आत्ता आठवलं.

मी चष्मा लावला, 'संभाषण' शोधलं आणि त्यावर बोट टेकवलं. पंख्याची घरघर थांबली, रस्त्यावरचा गलका थांबला. तिचा श्वास ऐकू यायला लागला.

"हे मी लावलंय," मी म्हटलं. "तू नाही. आता बोल."

तिने आपला फोन पालथा घातला. मग ती म्हणाली, अगदी हळू, पूर्वी मला कधीच ऐकू आलं नसतं इतक्या हळू, "मला तुझा फार राग येतो, आई. शाळेत होते तेव्हापासून."

फोन माझ्या हाताशीच होता. मी त्याला हात लावला नाही. "ऐकतेय," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."