येते म्हण

अमेरिकेचा पासपोर्ट घेतला की माहेरी राहायलासुद्धा सरकारची परवानगी लागते, हे आईच्या काही केल्या गळी उतरेना. "आपल्याच घरात कसली गं मुदत?" असं ती सारखी विचारायची. मी आपली सुटीला म्हणून कलकत्त्याला दादाकडे आले आणि तिचं दुखणं इतकं वाढलेलं पाहून मुक्काम वाढवायचं ठरवलं. व्हिसा वाढवून मिळाला नाही तर ही भेट शेवटची, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या सकाळी दादा बँकेत गेला होता आणि शैलावहिनी तिच्या शाळेत. मी व्हिसाच्या कचेरीत जायला निघताना आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं. ते चाटून चपला चढवताना मी घाईघाईत म्हटलं, "जाते गं."

"जाते काय मेले! येते म्हण, येते!"

पण मी जिना उतरले होते. ट्राम चुकेल म्हणून मागे फिरले नाही.

एस्प्लनेडजवळच्या त्या कचेरीतले साहेब भले गृहस्थ होते. पत्त्याची खात्री करायला त्यांनी माझ्यासमोरच दादाच्या घरी फोन लावला, हिंदीत काहीतरी विचारलं आणि मग बराच वेळ नुसतंच ऐकत राहिले.

"वृंदाजी स्वतःच बोलल्या," ते रिसीव्हर ठेवत म्हणाले. "सर्दी झालीय वाटतं त्यांना. मुदत वाढवून नको म्हणाल्या. त्या आता कुठेच जाणार नाहीत."

"अहो, वृंदा मी आहे!" माझा सर्दीने बसलेला आवाज चिरकला.

त्यांनी गोंधळून माझा अर्ज पुन्हा उघडला. घरी तर आईशिवाय कुणीच नव्हतं, आणि आईचं हिंदी भाजीवाल्यापलीकडे कधी गेलं नाही. देवा रे, म्हणत मी टॅक्सी केली. आईला काही झालं तर नसेल ना, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बेल दाबली. आईने साखळी न काढता दार किलकिलं केलं. छान होती, तरतरीत होती. माझ्याकडे नीट पाहून तिने परक्या माणसांसाठी राखलेल्या हिंदीत विचारलं, "कौन पाहिजे आपको?"

आतून कुणीतरी हाक दिली, "आई, कोण आलंय गं?" तो आवाजही सर्दीने बसलेला होता.

"कुणी नाही गं. चुकून आलंय कुणीतरी."

आई, मी आले, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण शब्द निघाला तो, "जाते."

या वेळी आईने मला टोकलं नाही.