एका वेळी एकच वाटी

मित्रांनो, मी एक जुनी, पोचे पडलेली स्टीलची वाटी. मुलुंडच्या शर्मिष्ठाच्या बारशाला तिच्या मामानं मला आणलं आणि माझ्यावर तिचं नाव घालून घेतलं. ती माझ्यातूनच वरणभात खायला शिकली. पुढे लग्नात तिच्या आईनं मला सामानात बांधून दिलं, आणि सासरी मी वर्षानुवर्षं फळीवर पालथी पडून राहिले.

तीन वर्षांपूर्वी शर्मिष्ठाचं वजन उतरवायचं ऑपरेशन झालं. पोट लहान केलं. डॉक्टर म्हणाले, "एका वेळी एकच लहान वाटी, सावकाश." सासूबाईंनी मला खाली काढलं. अहाहा, काय मान मिळाला मला! हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या मला दाखवायच्या, "एवढ्याशा वाटीत जेवते हो आमची सून!" शर्मिष्ठा छत्तीस किलोंनी उतरली. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिंपी वैतागला.

मग तिची आई गेली. तेरावं झालं, सगळे आपापल्या कामाला लागले आणि ती ओट्याशी एकटी उरली. माझ्यात शेव भरायची, उभ्या उभ्या संपवायची, मला धुऊन पालथं घालायची. तासाभरानं चिवडा. मग वितळलेलं आईस्क्रीम. नियम काही मोडला नाही हं तिनं! एका वेळी एकच वाटी. किती वेळा, ते कुणी विचारलंच नाही. एका दिवशी तर मला अकरा वेळा धुतलं. खाताना तिला चवसुद्धा कळत नव्हती, डोळे नुसते भरलेले असायचे.

वजन परत चढलं. "वाटीभर खाऊन कसं गं वाढतं?" सासूबाई करवादल्या. नवरा, सुबोध, म्हणाला, "पहिलं ऑपरेशनच फसलं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

काल ते जाऊन आले.

"पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलंय," तिनं लेकीला सांगितलं.

"आई, डॉक्टरांना सगळं सांगितलंस ना?" स्वरदानं विचारलं.

"काय सांगायचं गं? एक वाटी खाते म्हटलं."

माझा जीव नुसता तुटला. आईवाचून पोरकी झालेली बाई ती, तिचं पोट आणखी किती कापणार?

मित्रांनो, घरात कुणी चोरून खाताना दिसलं तर हसू नका, ओरडू नका. शेजारी बसा. "काय होतंय गं तुला?" एवढंच विचारा. मला तोंड असतं तर मी कधीच विचारलं असतं.

येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.