पाचव्या प्रकरणातली अंतरं

जयमालाला पाचवं प्रकरण काही केल्या सोडेना. आळंदीहून चिखलीला जाणाऱ्या बसमध्ये तिनं ते चौथ्यांदा वाचून काढलं, पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं आणि दोन थांबे जायच्या आत पुन्हा बाहेर काढलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोथी आहे का?" जयमाला म्हणाली, "नाही, अभ्यासाचं आहे," आणि उगाचच ओशाळली.

वय एक्केचाळीस, माहेर अंबाजोगाईकडचं. नवरा साहेबराव चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला. मुलगी पूनम नर्सिंगला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा जयमालानं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं होतं. हे तिचं दुसरं वर्ष. अनुवादित साहित्याच्या पेपरला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती, परग्रहावरून आलेल्यांची. जयमालाला आधी हसू आलं होतं. आपण सुट्या भागांची तपासणी करणारी बाई, आपल्याला आभाळातून पडणाऱ्यांशी काय देणंघेणं?

गोष्ट साधी होती. एका गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यात पहाटे काहीतरी येऊन रुततं, पालथ्या कढईसारखं. सहाव्या प्रकरणात ते उघडतं आणि अर्धं गाव जातं. पण पाचव्यात काहीच होत नाही. लोक बघायला येतात, भाकरतुकडा खातात, कुणी सरबत विकतो, नगराध्यक्ष त्या कढईभोवती दोरी बांधून घेतो आणि दोरीजवळ उभा राहून भाषण करतो. एवढंच. तरी जयमालाला भीती वाटायची ती नेमकी हेच प्रकरण वाचताना.

"पाचव्या प्रकरणात लेखकाने उत्कंठा कशी वाढवली आहे ते सोदाहरण लिहा," असा प्रश्न हमखास येतो, असं निरंजन सर म्हणाले होते. ते दर रविवारी शिकवायला यायचे, ही कादंबरी शिकवायला लागून त्यांना अकरा वर्षं झाली होती. गाइडमध्ये उत्तर तयार होतं: अंधाऱ्या वातावरणाची निर्मिती, छोटी वाक्यं, निसर्गाचा प्रभावी वापर. जयमालानं ते पाठ करायला घेतलं आणि अडली. अंधार कुठाय? प्रकरणात भर दुपार आहे. ऊन आहे. माणसं हसतायत. मग भीती येते कुठून?

तिला ते सापडलं कामावर. चिखलीच्या वर्कशॉपमध्ये ती व्हर्निअर घेऊन गाड्यांचे बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या छोट्या नळ्या मोजायची, दिवसाला सातआठशे. हात आपोआप चालायचे, डोळा आकड्यावर. एका शनिवारी असाच एक बुश मोजताना तिच्या मनात आलं, प्रकरणातपण आकडे आहेत की! जेवणाच्या सुट्टीत तिनं पेन्सिल घेतली आणि पानं चाळली. पहिल्या पानावर लोक त्या कढईपासून 'तीनशे पावलांवर' उभे होते. तिसऱ्या पानावर, सरबतवाल्याचं सांगता सांगता, दीडशे. मग 'दगड फेकला तर लागेल इतक्यावर'. मग दोरीपाशी. आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक म्हातारी घरी जायला वळते आणि तिचा पाय कशात तरी अडकतो. ती दोरी असते. दोरी त्यांच्या मागं पडलेली असते. कुणी दोरी ओलांडली, कधी ओलांडली, हे लेखकानं कुठंच सांगितलेलं नव्हतं. 'लोक पुढे सरकले' असं एकही वाक्य अख्ख्या प्रकरणात नव्हतं.

जयमालानं सगळ्या आकड्यांभोवती गोल केले आणि रविवारी वर्ग सुटल्यावर सरांपुढं पुस्तक धरलं.

"सर, हे बघा. भीती त्या कढईत नाहीच. ती तर गप पडली आहे. भीती माणसांच्या पायात आहे. त्यांना कळतच नाही की ते सरकायलेत."

निरंजन सरांनी पानं पुढं-मागं केली. मग म्हणाले, "अकरा वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं." आणि पुस्तक परत देत, "पण ताई, पेपरला गाइडमधलंच लिहा. तपासणाऱ्याकडं वेळ नसतो."

ती हो म्हणाली. पण डोक्याला लागलेली भणभण काही गेली नाही. बस थांब्यावर, रेशनच्या रांगेत, जिथं माणसं उभी दिसतील तिथं तिचे डोळे मोजायला लागायचे. साहेबराव म्हणाला, "तुला झालंय काय? जेवताना पण कुठंतरी बघत बसतीस."

त्यानंतरचा मंगळवार. साडेबाराची सुट्टी झाली आणि सगळी पोरं डबे तसेच टाकून रस्त्यावर पळाली. समोरच्या भंगारच्या वखारीत काहीतरी झालं होतं. जयमाला फाटकापाशी आली. वखारीचं पत्र्याचं दार सताड उघडं होतं, आत अंगणात एक लांबुळकी लोखंडी टाकी आडवी पडलेली, दोन पिंपं जोडल्यासारखी, रंग उडालेला. वखारीतले दोघं कामगार गॅस कटरनं तिचं तोंड कापायला गेले होते. आतून फुस्स आवाज आला तसे ते कटर टाकून डोळे चोळत पळाले. मालकाचा फोन लागत नव्हता. कुणीतरी अग्निशमन दलाला कळवलं होतं, गाडी निघाली होती म्हणे.

पंचवीसतीस माणसं जमली होती. पलीकडच्या दोन शेडमधलीही आली होती. बहुतेक जण रस्त्याच्या अलीकडं, झाडाखाली. हवेत पाण्याच्या टाकीत टाकतात त्या पावडरीसारखा वास होता, पण अगदी पुसट. टाकी बारीक आवाज करत होती. रोहिदास, तिच्याच लाईनवरचा, हात उंच करून व्हिडिओ काढत होता.

आणि मग आवाज थांबला.

"संपला गॅस," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, सैल झाले. एकानं टपरीवरून चहा आणला. जयमाला बघत राहिली. मघाशी ते सगळे झाडाखाली होते. आता झाड त्यांच्या मागं होतं.

तिनं पुन्हा पाहिलं. रोहिदास गटाराच्या फरशीवर उभा होता. बोलता बोलता त्यानं फोन आडवा धरला आणि फरशी त्याच्या मागं गेली. कुणीही चालत नव्हतं. सगळे गप्पा मारत होते, कोपरानं एकमेकांना ढोसत होते आणि तरी पत्र्याचं दार जवळ आलं होतं.

"अहो, मागं या!" ती ओरडली. "रोहिदास! मागं सरा सगळे! पुढं पुढं चाललात तुम्ही!"

"कुठं चाललोय ताई? उभाच आहे की." तो हसला. बाकीच्यांनीही वळून पाहिलं, हसले.

तिनं पुन्हा आवाज दिला. कुणी ऐकेना. ऐकायचंही का? टाकीत काय आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं? तिच्याकडं सांगायला होतं काय, एका पुस्तकातले पेन्सिलचे गोल? ती वळली, पळत वर्कशॉपमध्ये शिरली आणि सुपरवायझरच्या केबिनच्या भिंतीवरचं लाल बटण हाताच्या पंजानं दाबून धरलं.

भोंगा वाजला. आगीच्या सरावाचा भोंगा, सहा महिन्यांतून एकदा वाजणारा. तो वाजला की सगळ्यांनी मागच्या मोकळ्या जागेत रांगेत उभं राहायचं, तिथं हजेरी होते. इतकी वर्षं पाय त्या आवाजाला सरावलेले. रस्त्यावरची पोरं शिव्या देत, चहाचे कप टाकत, फाटकातून आत धावली. रोहिदास सगळ्यात शेवटी, फोन खिशात कोंबत. दुसऱ्या शेडमधलेही गडबडून पांगले.

जयमाला फाटकाशी परत आली तर रस्ता रिकामा. नाही, रिकामा नव्हता. वखारीच्या दारात, अगदी आत, पांढरी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. कोंडाजी आबा.

ही सगळी जागा त्यांची. एके काळी इथं त्यांचा ज्वारीचा मळा होता. आता वर्कशॉपही त्यांचं भाडेकरू आणि वखारही. वर्कशॉपला लागूनच त्यांचं घर, घरात बायको छबूबाई; आबा रोज फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायचे. भोंगा त्यांच्यासाठी कधीच वाजलेला नव्हता, म्हणून तो त्यांना हलवू शकला नाही.

"आबा! बाहेर या!"

"आगं, बघू तर दे काय हाय त्ये! माझ्याच जागंत मला कोण आडवतंय?"

ती रस्ता ओलांडून गेली. झाड मागं पडलं, गटार मागं पडलं. वास आता नाकात चावत होता. आपण किती आत आलो हे तिला कळत होतं, पायागणिक कळत होतं, आणि तेच भयंकर होतं. आबा टाकीपासून दहा पावलांवर. टाकीच्या कापलेल्या तोंडाशी धातू किंचित थरथरत होता, बुशला केसाएवढी चीर असली की तो लेथवर थरथरतो तसा.

"आबा, चला ना!"

"तू जा पोरी. मला न्हाई काय हुत."

तिच्या तोंडून निघून गेलं, "आबा, छबूबाई पडल्यात! घरात पडल्यात चक्कर येऊन, बोलंनात!"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. टोपी पडली ती उचललीही नाही. सत्तरीचा माणूस धोतराचा सोगा हातात धरून जो पळाला तो वर्कशॉपच्या बाजूनं थेट घराकडं. जयमाला त्याच्या मागोमाग. ती फाटकापर्यंत आली असेल नसेल, तोच मागं फटकन आवाज झाला, आणि तिनं वळून पाहिलं तेव्हा वखारीच्या दारातून पिवळट हिरवा धूर जमिनीला लगटून रस्त्यावर येत होता. सावकाश. जिथं पोरं उभी होती तिथपर्यंत आला, गटारात उतरला. वारा पलीकडच्या मोकळ्या रानाकडं होता, म्हणून तो तिकडं वळला. झाडाचा खालचा पाला संध्याकाळपर्यंत करपला.

अग्निशमनवाल्यांनी रस्ता बंद केला, धुरावर पाण्याचे फवारे धरले; टाकीत क्लोरीन होता म्हणाले. वखारीचे दोघं कामगार आठवडाभर दवाखान्यात होते, एकाचे डोळे बरेच दिवस चुरचुरत राहिले. बाकी कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर दादासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "जयमालाताई, तुम्ही चांगलंच केलंत, कोण नाही म्हणतं? पण परवानगीशिवाय भोंगा वाजला. वर कळवावं लागतं. खुलासा लिहून द्या. टाकी फुटणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कळलं नव्हतं."

"मग बटण का दाबलं?"

ती कागदापुढं अर्धा तास बसली. शेवटी लिहिलं: 'माणसे न चालता पुढे जात होती, म्हणून मी भोंगा वाजवला.' दादासाहेबांनी ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि कागद फाइलला लावला. त्यावर पुढं काही झालं नाही. पुढं परीक्षेत पाचव्या प्रकरणाचा प्रश्नही आला नाही. नायिकेच्या स्वभावावर विचारलं होतं.

पण कोंडाजी आबा तिच्याशी बोलेनासे झाले. फाटकाबाहेरची खुर्ची त्यांनी उलटी फिरवली आणि जयमालाला जाता-येता त्यांची फक्त पाठ दिसायची. रोहिदासनं सांगितलं, "आबा म्हणतात, तिनं माझ्या म्हातारीचं मरण तोंडातून काढलं." जयमालाला ते लागलं. दोन वेळा ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली, "आबा, चुकलं माझं," म्हणाली. त्यांनी मान वर केली नाही.

मग एका दुपारी छबूबाई स्वतः फाटकावर आल्या. बारीक अंगाची म्हातारी, पदर घट्ट आवळलेला. "जयमाला कोन गं हितं?"

"मी, आजी."

"तूच मला पाडलीस व्हय?"

"आजी, दुसरं काही सुचलंच नाही..."

"गप ऐक. मी अंगणात लसूण सोलत हुते. ह्यो मानूस उघड्या डोक्यानं आला पळत, उंबऱ्यात धडपडला, आन् मला बघितल्यावर खालीच बसला. लेकरावानी रडला. बावन्न वरसात मी त्याला रडताना बघितलं न्हाई. त्येचा बाप मेला तवाबी न्हाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मला रडू दाखवलं म्हून लाजतोय त्यो. तुझ्यावर रागावला न्हाई."

छबूबाईंनी जयमालाच्या हातात लसणाची जुडी दिली आणि निघून गेल्या.

त्या महिनाअखेरीला आबांनी वखारवाल्याला जागा खाली करायला लावली. तीन ट्रक भंगार गेलं. शेवटचा ट्रक भरत होता तेव्हा सुट्टी झालेली होती आणि नेहमीसारखी पोरं बघायला बाहेर आली. आबा रस्त्याच्या कडेला काठी घेऊन उभे होते. पोरं पुढं यायला लागली तसं त्यांनी काठी आडवी धरली.

"ए, मागं! मागं व्हा म्हंतो ना!"

मग त्यांनी फाटकाकडं पाहिलं, जयमाला तिथं उभी होती. "काय गं," ते खेकसले, "तिथनं काय बघतीस? ये हितं, ह्यांच्यावर नजर ठेव. मला एकल्याला न्हाई दिसत समदं."

ती रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.