शेजारचा ब्रेक

मास्तरांना कशाची भीती वाटत नाही हे शोधायचं तर दिवा घेऊनच निघावं लागलं असतं. कुत्रं दिसलं की भीती, गॅसचा वास आला नाही तरी भीती, आणि बायको दवाखान्यातून हसत परत आली तर ती काहीतरी लपवते आहे ही वेगळी भीती. आता असा माणूस पोटापाण्यासाठी काय करत असावा? तर लोकांना गाडी चालवायला शिकवत होता, आणि तेही उभा जन्म. ज्यांना क्लच कुठला नि ब्रेक कुठला याचा पत्ता नाही, अशांच्या शेजारी रोज सकाळी जीव मुठीत धरून बसायचं, आणि वर त्यांनाच सांगायचं, घाबरू नका, मी आहे ना.

हे सगळं निभावलं ते एका गोष्टीमुळे. शिकवणीच्या गाडीत असतो तसा मास्तरांच्या बाजूलाही पायाशी एक ब्रेक होता. खालून लोखंडी दांडीने तो खऱ्या ब्रेकला जोडलेला. इकडे मास्तरांनी पाय दाबला की तिकडे शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपसूक खाली जायचा. त्या जोरावर मास्तरांच्या गाडीला इतक्या वर्षांत साधा ओरखडा गेला नव्हता, आणि दाराबाहेरच्या पाटीवर तसं मोठ्या अक्षरांत रंगवलेलंही होतं. पायाची ही सवय हाडात मुरलेली. घरी टीव्हीवर गाडी भरधाव आली तरी मास्तरांचा उजवा पाय फरशी दाबायचा. जेवताना कुणी भराभर बोलायला लागलं तरी दाबायचा. बायको म्हणायची, लागला बाई ब्रेक, आता जरा सावकाश बोला.

गाडीला घरात सगळे म्हातारी म्हणत. मास्तरांनी शिकवणी बंद केली आणि महिनाभरात म्हातारीनेही अंथरूण धरलं. गॅरेजवाल्याने तिला वर उचलून खालून पाहिलं, तर पत्रा इतका सडलेला की बोट घातलं की आरपार. ब्रेकचं ऑइल गळत होतं, मागचा एक दिवा नुसत्या वायरवर लोंबत होता. गॅरेजवाला मास्तरांचा जुना दोस्त, आडपडदा न ठेवता बोलणारा. तो म्हणाला, दुरुस्त करायची तर होईल, पण खर्चाला हात आखडता घेऊ नका. विकायची तर गावाच्या पलीकडच्या टोकाला एकजण नवा क्लास काढतोय, तो घेईल. नाहीतर भंगारवाला आहेच. काय ते आठवडाभरात सांगा, माझी जागा अडते.

घरात तीन माणसं आणि तिघांची तीन मतं. बायकोचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. मास्तरांचं म्हणणं, बघू. आणि लेकीचं म्हणणं ठाम होतं, म्हातारी तिलाच हवी. लेकीला घाटापलीकडच्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. सोमवारपासून रोज घाट चढायचा आणि उतरायचा. बसच्या वेळा तिच्या कामाच्या पाळीशी जुळत नव्हत्या. नवी गाडी घे म्हटलं तर नको. तिने सांगितलं होतं, "बाबा, दुसऱ्या गाडीचा मला भरवसाच वाटत नाही. ही मला ओळखते. थांबावं असं मनात आलं, नुसता पाय ठेवला, की थांबते." मास्तरांची छाती ते ऐकून फुगली होती. लेक त्यांच्याच हाताखाली, याच गाडीत शिकलेली आणि परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालेली. परीक्षा घेणारा साहेब मागे बसला होता आणि मास्तर नेहमीसारखे शेजारी. म्हातारी दुरुस्तच करू या असं मास्तरांच्या मनात जवळजवळ ठरलं होतं.

तेच सांगायला ते गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याने पत्रा बघायला पुढच्या चटया आणि सीट काढून ठेवल्या होत्या. त्यामुळे मास्तरांना पहिल्यांदाच दोन्ही ब्रेक उजेडात एकाच वेळी दिसले. त्यांच्या बाजूच्या ब्रेकचं रबर झिजून झिजून पार गेलेलं, मधलं लोखंड आरशासारखं चकचकीत. आणि शिकणाऱ्याच्या बाजूच्या रबरावरच्या रेघा नुकत्या कापल्यासारख्या उभ्या.

मास्तरांनी विचारलं, हे रबर अलीकडे बदललंस का रे? गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, छे हो, दोन्ही एकाच दिवशी बसवली होती, तुम्हीच उभे होता की शेजारी. एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

 मास्तरांनी मात्र वाकून त्या कोऱ्या रेघांवरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं, इतकी माणसं या गाडीत थांबायला शिकली, आणि त्यातल्या कुणीच ब्रेक दाबला नव्हता. ते नुसता पाय ठेवत होते आणि दाबत होते मास्तर. नकळत, भीतीने, प्रत्येकाच्या आधी. परीक्षेच्या दिवशीसुद्धा. नुसता पाय ठेवला की थांबते, हे लेकीचे शब्द त्यांना आठवले. म्हातारी कुणाला ओळखत नव्हती की काही नाही. लेकीला थांबवत होता तो बापाचा पाय, आणि सोमवारी घाटाच्या उतारावर तो पाय तिच्या शेजारी नसणार होता.

घरी येताना ते भिंतीला अंग घासत चालले. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की अर्धं गाव त्यांच्याकडेच शिकलंय. समोरून पावाची व्हॅन आली. चालवणारा त्यांचाच चेला, त्याने काच खाली करून हात केला. मास्तर एका दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहिले. शाळेची गाडी चालवणारी बाई चौकात वळली, तीही त्यांचीच. त्यांनी डोळे मिटून घेतले. ही माणसं पुढे रस्त्यावर, धक्के खात का होईना, थांबायला शिकली असतील, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण लेक दुसऱ्या कुठल्या गाडीला कधी शिवलेलीच नव्हती.

घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं की म्हातारी भंगारात जाणार आणि भंगारवाल्याला उद्याच बोलावणार. लेक चिडली. गॅरेजवाल्याशी तिचं बोलणं झालं होतं, पत्रा नवा बसतो, ऑइलची गळती निघते, मग भंगार कशासाठी? मास्तर म्हणाले, पत्र्याचा भरवसा नाही. मग म्हणाले, घाटात धुकं असतं. मग म्हणाले, बसने गेलीस तर काय बिघडेल? लेक म्हणाली, मग मी कर्ज काढून दुसरी घेते, पण बसने जाणार नाही. म्हणजे गाडी भंगारात घालूनही भीती काही भंगारात जात नव्हती.  बायकोने टेबलाखाली बघितलं.

"अहो, पाय बघा तुमचा," ती म्हणाली. "फरशीतून खाली जाल. खरं काय झालंय ते सांगा."

मास्तरांनी पाय मागे घेतला. मग खाली मान घालून, अडखळत, दोन रबरांची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, "बाळा, तू आजवर एकदाही ब्रेक दाबलेला नाहीस. मीच दाबत आलो."

लेक आधी हसली. मग तिचं हसू उतरलं, आणि ती आपल्या उजव्या पायाकडे बघायला लागली. भीती आता तिलाही वाटायला लागली होती, आणि ते बघून मास्तरांना आणखी भीती वाटली. अखेर लेकीने ठरवलं. गाडी दुरुस्त करायची, दांडी आणि तो शेजारचा ब्रेक मुळासकट काढून टाकायचा, आणि सोमवारच्या आत तिने ती उतारावर चालवून बघायची. जमलं तर ठीक, नाही जमलं तर ती स्वतः भंगारवाल्याला बोलावणार होती.

म्हातारी शनिवारी गॅरेजातून बाहेर आली. नवा पत्रा, मागचे दोन्ही दिवे जागच्या जागी, आणि मास्तरांच्या पायाशी नुसता सपाट तळ. गॅरेजवाल्यानेच ती चालवत तिघांना पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर आणून सोडलं. मास्तर सगळ्यांना तिथेच शिकवत आले होते. उताराच्या पायथ्याशी चुन्याची रेघ होती, थांबायचं ते तिथे. रेघेच्या पुढे रस्ता वळायचा आणि वळणावर एका गोदामाची भिंत होती. बायको वरच उतरली, म्हणाली, मला तुमच्यातलं काही बघवणार नाही.

लेक चाकावर बसली, मास्तर शेजारी, आणि तिने गाडी सोडली. रेघ जवळ आली तसा तिने नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली नाही. मास्तरांचा पाय तळावर आदळला, पुन्हा आदळला, पण खाली काही नव्हतंच. चुन्याची रेघ चाकाखालून मागे गेली.

"बाबा, थांबत नाहीये!"

"दाब! ठेवू नकोस, दाब!"

तिने अंगातली सगळी ताकद लावली. म्हातारी करकचून थांबली आणि दोघांची डोकी पुढे गेली. भिंतीवरचं शेवाळ समोरच्या काचेतून बोट लावण्याइतकं जवळ दिसत होतं.  लेकीने ब्रेकवरचा पाय काढलाच नाही.

"खरंच की," ती शेवटी म्हणाली. "हे मी कधी केलंच नव्हतं."

ती पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली. एकदा रेघेच्या फार आधी थांबली, एकदा पुढे जाऊन. मग रेघेवर थांबायला लागली. पण थांबण्याआधी दर वेळी तिचे डोळे क्षणभर मास्तरांच्या पायाकडे जात होते, आणि दोघांनाही ते कळत होतं. शेवटी वर आल्यावर तिने गाडी उभी केली आणि त्यांच्या बाजूचं दार आतूनच उघडून दिलं.

"उतरा, बाबा."

"अगं, अजून थोडा वेळ..."

"तुम्ही शेजारी असलात की मी तुमच्या पायावर विसंबते. तो ब्रेक काढला तरी विसंबते. उतरा."

मास्तर उतरले. एवढं घाबरून ते जन्मात कधी कुठल्या गाडीतून उतरले नव्हते. बायको येऊन त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. म्हातारी उताराला लागली. म्हातारीला त्यांनी मागून उतारावर जाताना कधी पाहिलंच नव्हतं, ते नेहमी आत असायचे. ती केवढीशी दिसत होती. वेग वाढला. रेघ आली. मागचे दिवे विझलेलेच. बायकोची नखं त्यांच्या दंडात रुतली. 

मग दिवे लागले. दोन्ही, लालभडक. गाडी मंदावली, रेघेवर थांबली, आणि नंतर सावकाश डावीकडे वळून गोदामाच्या आड गेली.

बायकोने सुस्कारा सोडला, म्हणाली, चला, जमलं पोरीला. मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांची उजवी चप्पल टाचेपर्यंत मातीत रुतली होती. गाडी पुढे रस्त्याला लागल्याचा आवाज येत होता, आणि पाय उचलायची त्यांची छाती होत नव्हती.